संतांच्या कपाटातला येशू

गडहिंग्लजच्या स्टँडवर सकाळी सहाला सावंतवाडीची एसटी लागली, तेव्हा माझ्याजवळ दोन साड्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, एक कोरी वही आणि मागच्या वर्षीची नामुष्की एवढं सामान होतं. वजन नामुष्कीचंच जास्त होतं.

ती आधी सांगून टाकते, म्हणजे मी साठी उलटल्यावर पुस्तकासाठी वणवण का केली ते कळेल. एकतीस वर्षं मी हायस्कुलात इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मला बोलवायला लागले आणि मीही फुशारून जायला लागले. मागच्या फेब्रुवारीत विषय घेतला, 'इतिहासातला येशू'. एका चकचकीत पुस्तकाच्या भरवशावर ठोकून दिलं, की येशू तरुणपणी हिंदुस्थानात आला, इथल्या साधूंजवळ शिकला आणि म्हातारा होऊन काश्मिरात वारला. टाळ्या काय पडल्या! मग मागच्या बाकावरून सोसायटीचे जुने सेक्रेटरी भैरू अण्णा उठले.

"बाई, ह्याला पुरावा काय?"

"पुस्तकात आहे की."

"मग त्या पुस्तकाला पुरावा काय?"

सगळं सभागृह हसलं. इतिहासाच्या बाईला पुरावा विचारला आणि बाई गप्प! दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवले आणि ठरवलं, की पुढच्या वर्षी त्याच मंचावर, त्याच विषयावर बोलायचं आणि आधी चूक कबूल करायची. पण नुसतं 'चुकले' म्हणून भागत नाही, त्या जागी खरं काय ते ठेवावं लागतं. वर्षभर कोल्हापूर, बेळगाव पालथं घातलं. मिळालं ते एक तर भक्तीचं, नाहीतर शिव्यांचं. इंग्रजीत चांगली पुस्तकं आहेत असं ऐकून होते, पण मला आमच्या लोकांच्या हातात देता येईल असं मराठी हवं होतं. व्याख्यानाला बारा दिवस उरले आणि संतोषचा फोन आला.

संतोष माझा जुना विद्यार्थी. नेसरीकडचा पोरगा, आता डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत मशीन चालवतो. हा तोच, ज्यानं नववीच्या सहामाहीत पाच मार्कांच्या प्रश्नाखाली 'याबद्दल मला नक्की माहीत नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मी भोपळा दिला आणि वर त्याचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. वर्ग हसून लोळला होता. तर तो म्हणाला, "बाई, आमच्या सुपरवायझरचे वडील हैत, आग्नेल सर. चोपड्याला असत्यात. येशूवरची पुस्तकं म्हंजे कपाटं भरल्यात त्यांची. या की!" मी लगेच पिशवी भरायला घेतली.

आंबोलीचा घाट उतरताना कान बंद झाले, सावंतवाडीला उघडले. तिथून बांदा आणि मग गोव्याची हद्द. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काजू मोहरलेला, त्याचा तुरट-गोड वास बसमध्ये येत होता. मला तर सहलीला निघालेल्या शाळकरी पोरीसारखं झालं होतं. शेजारी बसलेल्या बाईला मी कारण नसताना सांगून टाकलं, की मी पुस्तक शोधायला चाललेय. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि पिशवी जवळ ओढली.

पेडण्याला उतरले तेव्हा साडेदहा झाले होते. पोटात कावळे कोकलत होते. बाजारातल्या एका छोट्या हॉटेलात गरम पातळभाजी आणि पाव मागवला. "उंडो व्हयो की पोळी?" पोऱ्या नव्हे, खुद्द मालकीणबाईच विचारत होत्या. उंडो म्हणजे जाड सालीचा गोल पाव आणि इथली पोळी म्हणजे आपली पुरणाची नव्हे, तर कोंड्याचा पोकळ पाव, हे मला दोन्ही खाल्ल्यावर कळलं. वाटाण्याच्या त्या भाजीत नारळ असा काही लागला होता की मी वाटी पुसून काढली.

समोरच पुस्तकांचं दुकान दिसलं. आत वह्या, पंचांगं, आरत्यांची पुस्तकं. काउंटरवर जाड मिशांचे गृहस्थ.

"येशूवरचं एखादं अभ्यासाचं पुस्तक आहे का हो?"

"अभ्यासाचां? कितवीच्या?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "तां तुमका इगर्जेत गावतला (चर्चमध्ये मिळेल). आमच्याकडे नाय." मग एकदम आठवल्यासारखं करून त्यांनी वरच्या फळीवरून एक पुस्तक काढलं आणि फुंकर मारून माझ्यापुढे ठेवलं. "ह्या बघा. ह्या लय खपता."

बघते तर काय, तेच! काश्मीरवालं! तेच चकचकीत कव्हर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि दुकानदाराला दहा मिनिटं सुनावलं: ह्यात एका वाक्याला आधार नाही, तळटीप नाही, ह्यानं माझी अब्रू घालवली. ते गरीब बिचारे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बाय, माका कित्याक झगडता? मियां नाय बरयलां (मी नाही लिहिलं)." मला हसू आलं. पश्चात्ताप म्हणून एक पंचांग घेतलं आणि चोपड्याची बस पकडली.

चोपड्याला रस्ता संपता संपता शापोरा नदी अशी रुंद समोर येते की बसमधली माणसंही एकदा तिकडे बघून घेतात. पलीकडे माड, अलीकडे होड्या, काठावर जाळी वाळत घातलेली. आग्नेल सरांचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. पुढच्या बाल्कांवावर (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) ऐंशी ओलांडलेले, सडपातळ, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले सर वाट बघत उभेच होते.

"यो, यो बाई! संतोषान सांगलां माका." आणि मग स्वच्छ मराठीत, "मी डिचोलीच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. बसा. आधी पाणी, मग पुस्तकं."

आत गेले आणि थबकलेच. चार भिंतींपैकी तीन भिंती पुस्तकांच्या. इंग्रजी, पोर्तुगीज, थोडी फ्रेंच. सरांनी एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. मी पिशवीत हात घातला. चष्मा नाही! तो पेडण्याच्या काउंटरवर, त्या काश्मीरवाल्या पुस्तकाशेजारी राहिला होता. एवढ्या लांब आले, खजिन्यात उभी राहिले आणि मला एक अक्षर दिसत नव्हतं. मला रडूच यायचं बाकी होतं.

पंचांगावरच्या शिक्क्यात दुकानाचा नंबर होता. सरांनी वाचला, मी फोन लावला. "झगडपी (भांडणारी) बाय मगो?" पलीकडून आवाज आला. "भियां नका (भिऊ नका). दीडच्या बशीत देतंय."

म्हणजे तोवर सरांनी वाचायचं आणि मी ऐकायचं. पण ते बरंच झालं म्हणायचं, कारण वाचण्याऐवजी सर शिकवायलाच बसले.

"बाई, पुस्तक घेताना पहिलं पान बघूच नये. शेवटची बघावीत. टिपा आहेत का, सूची आहे का, कुठून काय घेतलं ते सांगितलंय का. मग मधलं कुठलंही पान उघडावं आणि लिहिणारा 'कदाचित' कधी म्हणतो ते बघावं. साऱ्या पुस्तकात एकदाही म्हणत नसेल, तर ठेवून द्यावं. दोन हजार वर्षांमागची गोष्ट आणि ह्याला सगळं ठाऊक?"

"आणि?"

"आणि त्याला जे खरं ठरायला हवं असतं, त्याच्याविरुद्धचा पुरावा त्यानं स्वतः दिलाय का, ते बघावं. हे सगळ्यांत अवघड."

मी जरा धीर करून विचारलं, "सर, तुम्ही श्रद्धाळू. मग हे सगळं वाचताना जड नाही जात?"

सर हसले. "मी दर आयताराक (रविवारी) मिसाला, चर्चमधल्या प्रार्थनेला जातो. पण शिंपी माप घेतो तेव्हा गिऱ्हाईक लाडकं आहे म्हणून टेप ताणत नाही ना? ताणली तर सदरा त्यालाच बसणार नाही."

दीडला रस्त्यावर हॉर्न वाजला. मी पदर खोचून धावले. कंडक्टर खिडकीतून ओरडत होता, "चश्मो कोणाचो? गडहिंग्लजच्या बाईचो?" वर्तमानपत्रात गुंडाळलेला चष्मा त्यानं माझ्या हातात दिला. काही द्यायला गेले तर म्हणाला, "सोडा गे बाये," आणि घंटी मारली. आमच्याकडे स्वतःचं माणूस बसमध्ये बसवून दिलं तरी काळजी असते, इथे चष्मा एकटा प्रवास करून आला.

सरांच्या सुनेनं बांगड्याचं हुमण (नारळाची आमटी), भात आणि सोलकढी वाढली. जेवताना मी मनातलं बोलले, "सर, इंग्रजीतली मी वाचीन, रडतखडत का होईना. पण मराठीत एकही नाही का हो?"

सरांचा घास हातातच राहिला. "होतं. एक होतं. माझ्या मामानं दिलेलं. त्यातलं काही आता जुनं झालं, पण पद्धत चोख. चाळीसेक वर्षांपूर्वी मी ते मुळगावच्या वाचनालयाला दिलं. म्हटलं, तिथली माणसं वाचतात."

"नाव काय त्याचं? लेखक कोण?"

सरांनी कपाळावर टिचकी मारली. "नांव गेलां गे माझ्या मतींतलां (डोक्यातून गेलं). पुण्याचा कोणीतरी प्रोफेसर असावा. असावा म्हणतो हं."

तीनला संतोष मोटरसायकल घेऊन हजर. मी सरांची दोन इंग्रजी पुस्तकं उसनी घेतली, पिशवी पोटाशी धरली आणि पूल ओलांडून म्हापशाच्या दिशेनं आम्ही सुटलो. अस्नोड्याच्या पुढे रस्ता तांबडा होत गेला. मुळगाव खाणींच्या शेजारचं गाव, धूळ झाडांच्या पानांवरसुद्धा बसलेली. माझी अबोली रंगाची साडी पोचेपर्यंत विटकरी झाली. "बाई, ह्यो रंग धुतल्यावर बी जाईत न्हाई, आमचं शर्ट बघा," संतोष आनंदानं म्हणाला.

वाचनालय म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा, वेळ चार ते सहा. व्हरांड्यात एक म्हातारे शेतकरी वर्तमानपत्र वाचत बसलेले. गुडघ्यापर्यंत धोतर, पायाला शेतातला चिखल. आत ग्रंथपाल शशीबाय, माझ्याच वयाच्या.

"येशूवरचं मराठी पुस्तक. आग्नेल सरांनी दिलेलं."

शशीबायनी नोंदवही काढली. पुस्तकाचं नाव माहीत असल्याशिवाय नोंदवहीत शोधणार कसं? मग 'धर्म' लिहिलेलं कपाट उघडलं. नाही. 'इतिहास'चं कपाट उघडलं. तिथे सगळी पुस्तकं एकाच रंगाची! दमट हवेत पुस्तकं सुटतात म्हणून इथे प्रत्येक पुस्तक आल्याबरोबर तपकिरी पुठ्ठ्यात बांधून घेतात आणि पाठीवर नुसता आकडा टाकतात. एकेक उपसून उघडायचं. मी आणि संतोषनं तासभर तेच केलं. शिवाजी सापडला, नेपोलियन सापडला, येशू नाही. घड्याळात सव्वापाच झाले आणि माझा पारा चढला.

"अहो, दिलेलं पुस्तक असं जातं कुठं? जपून ठेवायला नको?"

शशीबायचा चेहरा पडला. "आमच्या वाचनालयांत सुतळीचो तोडोय (तुकडाही) नोंद करून दवरतात (ठेवतात), बाई. हरवलें म्हणून म्हणूं नका."

मी काही बोलणार, तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला. "अगो बाये, तुका कोण जाय (हवा)? खुर्सार (क्रुसावर) चडयल्लो, तोच मू?"

"हो, तोच."

"मागीर (मग) इतिहासांत कित्याक सोदता? तो संतांत आसा. खाल्चो खण, हारदासांच्या पुस्तकांच्या कुशीक (शेजारी)."

मी 'संतचरित्रे' लिहिलेलं कपाट उघडलं. खालचा खण. अभंगवाल्या, चिपळ्यावाल्या साऱ्या मंडळींत दाटीवाटीनं एक तपकिरी पुस्तक. उघडलं. शेवटची पानं आधी बघितली: टिपा! दाट, बारीक अक्षरात, अकरा पानं टिपा! मधलं पान काढलं, तिसऱ्याच ओळीत 'कदाचित'. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की संतोषच्या हातून नेपोलियन पडला.

त्या म्हाताऱ्यांचं नाव पुनोकाका. म्हणाले, "हांवें दोनदां वाचलां. बरें आसा. बरोवप्याक (लिहिणाऱ्याला) जें खबर ना (ठाऊक नाही), थंय तो 'खबर ना' म्हणटा. तसले मनीस थोडे."

मी नाव बघायला पहिलं पान उलटलं, तर पहिलं पानच नव्हतं. दुसरंही नव्हतं. बांधणाऱ्यानं कव्हराबरोबर तीही कापून टाकलेली. पुस्तक थेट 'प्रकरण पहिले'पासून सुरू. नोंदवहीत नाव 'येशूचे चरित्र' आणि लेखकाच्या रकान्यात रेघ.

"फादरान बरयलां तें," शशीबाय म्हणाल्या. "किरिस्तांव (ख्रिस्ती) मास्तरान दिल्लें न्हय? मागीर फादरानूच बरयल्लें आसतलें."

"ना, ना. पुण्याचो प्रोफेसर," पुनोकाका म्हणाले.

मी टुणकन उठले. दोन साक्षीदार! सरही पुण्याचं म्हणाले होते. "काका, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आग्नेल मास्तरान."

मी परत खाली बसले. साक्षीदार दोन नव्हते, एकच होता. आणि तो स्वतः 'असावा' म्हणत होता.

पण मला इतका आनंद का झाला ते सांगते. उभ्या उभ्या जे पान वाचलं, त्यात नेमकं हेच होतं. येशूची जी चार शुभवर्तमानं आहेत, त्यांच्यावर मुळात लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. नावं मागाहून लागली. अभ्यासक मग आतल्या मजकुरावरून ठरवतात: रोमनांनी इसवी सन सत्तरमध्ये जेरुसलेमचं देऊळ पाडल्याचं ह्याला ठाऊक दिसतं का, कुणाचं वाक्य कुणी उचललं, दोघं सांगतात ते दोघांचं की एकाचंच. आणि इथे मुळगावात, त्याच विषयावरचं पुस्तक, स्वतःच बिननावाचं! मी वही काढली. एका टिपेत 'नुकत्याच सापडलेल्या' मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांचा, म्हणजे ज्यूंच्या जुन्या पोथ्यांचा, उल्लेख होता. दुसरीकडे 'पोर्तुगीज अंमलाखालील गोमंतक' असं लिहिलेलं. म्हणजे सत्तेचाळीसला गुंडाळ्या सापडल्यानंतर आणि एकसष्टला गोवा मोकळा होण्याआधी. वर्षं पकडली की नाही? शशीबाय रुसवा विसरून माझ्या खांद्यावरून बघायला लागल्या. "बाई, म्हाकाय दाखय."

"पुस्तक मला पंधरा दिवस हवं," मी म्हटलं.

इथे अडलं. वाचनालयाचा नियम असा, की गावाबाहेरच्या माणसाला पुस्तक द्यायचं तर गावातल्या सभासदानं हमीच्या वहीत सही करायची, आणि पुस्तक परत येईपर्यंत त्या सभासदानं स्वतः एकही पुस्तक न्यायचं नाही. संतोष गावचा नाही. तो म्हणाला, "मोबाईलवर फोटू काढूया की, बाई." काढून बघितले. बांधणी इतकी घट्ट की आतल्या अर्ध्या ओळी दिसेनात, जास्त उघडावं तर पान कडकड मोडायला लागलं. शिवाय भैरू अण्णांना मी फोटो दाखवणार? मला मूळ पुस्तक हातात हवं होतं.

मी पुनोकाकांना सगळं सांगितलं. काश्मीर, टाळ्या, भैरू अण्णा, हशा, सगळं. मग ते उठले, हमीची वही ओढली आणि सावकाश सही केली.

शशीबाय हळूच म्हणाल्या, "काका रोज एक पुस्तक व्हरतात (नेतात), बाई. पंदरा दीस तांका कांयच मेळचें ना (मिळणार नाही)."

"तूं वच (जा)," काका मला म्हणाले. "पुण लोकांनी कितें म्हळें (काय म्हटलं) तें म्हाका येवन सांग."

मुक्काम संतोषच्या कारापूरच्या भाड्याच्या खोलीत. त्याच्या बायकोनं, रेखानं, खास माझ्यासाठी तांबडा रस्सा केला होता, कोल्हापूरची चटणी घालून. "हितलं जेवान ग्वाड असतंय, बाई. घरची चटणी संपली की जीव कासावीस होतोय." सकाळी पाववाल्याचा पों-पों वाजायच्या आत मी पायरीवर बसून पुस्तक उघडलं होतं. काय माणूस असेल तो लिहिणारा! काय नक्की, काय बहुधा आणि काय कळायला मार्गच नाही, अशा तीन ढिगांत त्यानं सगळं वेगळं केलं होतं. गालीलात वाढलेला एक ज्यू उपदेशक. नदीवर बाप्तिस्मा घेतला. देवाच्या राज्याविषयी गोरगरिबांना सांगत हिंडला. रोमन सुभेदाराच्या हुकमानं क्रुसावर गेला. हे नक्कीच्या ढिगात, आणि का नक्की, तेही सांगितलेलं. तरुणपणीची वर्षं? 'साधने उपलब्ध नाहीत.' काश्मीर दीड पानात निकालात काढलेलं: ह्या कथा अगदी अलीकडच्या, जुना आधार एकही नाही. माझ्या नामुष्कीचं उत्तर माझ्या जन्माआधी मराठीत छापलं गेलं होतं, आणि मी ते कुठे कुठे शोधत हिंडले!

दुसऱ्या दिवशी दोडामार्गावरून तिलारीचा घाट चढून चंदगडमार्गे घरी आले. पुस्तक मांडीवरच होतं. शेजारच्याची पिशवी वरून पडली तरी मी हलले नाही.

व्याख्यानाला सभागृह भरलं होतं. बरेच जण मागच्या वर्षीची मजा पुन्हा बघायला आले असणार. मी उभी राहिले आणि पहिलं वाक्य बोलले, "मागच्या वर्षी ह्याच जागेवरून मी तुम्हाला चुकीचं सांगितलं." मग मी तास-सव्वा तास बोलले, तीन ढीग मांडले, पुस्तक हातात धरून दाखवलं. शेवटी मागचा बाक वाजला. भैरू अण्णा.

"बाई, हे पुस्तक कुणी लिवलंय?"

"माहीत नाही."

हशा पिकला. अण्णा मात्र हसले नाहीत. "मग आम्ही इस्वास कशावर ठेवायचा?"

"लिहिणाऱ्यावर ठेवू नका. त्यानं टिपा दिल्यात, त्या तपासा. पुस्तक कधी लिहिलं ते आतल्या मजकुरावरून सांगते." आणि मी गुंडाळ्या सांगितल्या, पोर्तुगीज अंमल सांगितला, दोनाचा एकच निघालेला साक्षीदार सांगितला. "नाव माहीत नाही, अण्णा. पण कुणीतरी हाडामांसाच्या माणसानं हे लिहिलं, हे नक्की."

"आता कसं बोललासा," अण्णा म्हणाले आणि टाळी वाजवायला लागले. मागच्या वर्षीपेक्षा टाळ्या कमीच पडल्या, पण मला घरी जाऊन पोटभर जेवण गेलं.

दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा डिचोलीच्या वाटेला लागले. तिकडे एक माणूस माझ्यापायी पुस्तकाविना बसला होता.

मुळगावच्या व्हरांड्यात पुनोकाका होतेच. हातात तेच वर्तमानपत्र, बहुधा जाहिरातींसकट तिसऱ्यांदा. मी बसायच्या आत त्यांनी विचारलं, "बरोवपी कोण, म्हणून कोणें विचारलें?"

"विचारलं."

"तुवें कितें सांगलें?"

"खबर ना म्हटलं."

काका पोट धरून हसले, आत गेले आणि हमीच्या वहीतल्या आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. लगेच एक जाडजूड पुस्तक काखेत मारून बाहेर आले. शशीबायनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. आता तुम्हीच भरा म्हणाल्या. लेखकाच्या रकान्यात मी 'अज्ञात' लिहिलं.

"आनी दवरूं खंय (ठेवू कुठे)? इतिहासांत?" त्यांनी विचारलं.

मी विचार केला. माझ्यासारखं कुणी आलं तर इतिहासातच शोधणार. पण काकांना तो जिथे सापडला होता, तिथून हलवायचा मला काय अधिकार? पुस्तक संतांत ठेवलं, आणि इतिहासाच्या कपाटाला आतून एक चिठ्ठी डकवली: 'येशू संतांच्या कपाटात आहे. खालचा खण.'

दोडामार्गाच्या बसला सोडायला संतोष निघाला. मोटरसायकलवर मागे बसल्या बसल्या मला काय झालं कोण जाणे. "संतोष, तुझं ते नववीच्या सहामाहीतलं उत्तर आठवतं? 'नक्की माहीत नाही'?"

"आठवतंय की."

"त्याचे मार्क द्यायला हवे होते मी."

वाऱ्यात तो जोरात बोलला, हसतच. "त्या पाच मार्कांनीच नापास झाल्तो न्हवं, बाई. बापानं लई हाणलं. आन् वर्गातली पोरं वरीसभर मला 'नक्की' म्हनूनच हाका मारायची."

मला हे ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं मी ती गोष्ट विनोद म्हणून सांगत आले होते. भरल्या सभागृहात 'चुकीचं सांगितलं' म्हणताना मला एक क्षण लागला होता, इथे त्याच्या तांबड्या शर्टाकडे बघत मी अख्खी डिचोली ओलांडली.

"संतोष, चुकलं माझं."

"आँ? काय म्हंता?"

"चुकलं माझं!" मी ओरडले.

त्यानं गाडीचा वेग कमी केला. "धरून बसा, बाई," म्हणाला. "फुडं रस्ता खराब हाय."